जुन्या स्नोमोबाइलची थरथर: ५० च्या वेगाला पाय बधिर होतो, बेल्ट बदलून झाला

घसरगुंडी

नमस्कार मंडळी. दोन आठवडे गॅरेजात डोकं धरून बसलोय, शेवटी धागा काढतोय.

मशीन १९९० च्या दशकातलं. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पंख्याने थंड होणारं इंजिन, १२१ इंची ट्रॅक (बर्फावर पळवणारा खालचा रबरी पट्टा). माझ्या आधी दोघांनी वापरलेलं. मूळ मॅन्युअल सोबत मिळालं, तेवढं एक नशीब.

त्रास असा: ताशी ४० किलोमीटरपर्यंत सगळं गुळगुळीत. ४५ च्या पुढे फूटबोर्डमध्ये (पाय ठेवायच्या पत्र्यात) थरथर सुरू होते आणि ५०-५५ ला इतकी वाढते की दहा मिनिटांत डावा पाय बधिर. ६५ च्या वर थोडी कमी वाटते. हँडलला जवळपास काही नाही, सीटला थोडं, पायाला सगळ्यात जास्त. (वेगाचे आकडे अंदाजे धरा, काटा दहा-पंधराच्या टप्प्यात नाचतो. म्हाताऱ्या मशीनचा काटाही म्हाताराच.)

आतापर्यंत केलेलं: नवा बेल्ट (दोन क्लचना जोडणारा), नवे प्लग, दोन्ही क्लचच्या थाळ्या पुसल्या. फरक शून्य. मागच्या सीझनला जोरात थ्रॉटल दिला की 'खाड' असा आवाज यायचा. ट्रॅक दात्यांवरून उडतोय म्हणून तो आवळला होता. तेव्हापासून तो आवाज क्वचितच येतो.

सुरुवात कुठून करू? सगळं उघडायची तयारी आहे, उघडलेलं परत बसवायची तेवढी नाही.

अर्धवट मेकॅनिक

क्रँक. टू-स्ट्रोकचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो शाफ्ट) तुकडे दाबून जोडलेला असतो. एखादा तुकडा जागचा हलला की असंच थरथरतं. माझा गेला होता तेव्हा हेच झालं होतं. इंजिन उतरवा.

घसरगुंडी

वाचून पोटात गोळा आला.

सतराचा पाना

अहो थांबा, इंजिनाला एवढ्यात हात लावू नका. अर्धवटराव, तुमचा क्रँक गेला होता म्हणून जगातली प्रत्येक थरथर क्रँकची नसते.

घसरगुंडी, थरथर कुठे जाणवते हे तुम्ही छान लिहिलंय, पण ती कशाच्या तालावर नाचते ते आधी ठरवायचं. इंजिनाच्या, की ट्रॅकच्या? गिअरच्या गाडीत हे वेगळं करणं जड जातं, कारण एका गिअरमध्ये इंजिन आणि चाक एकमेकांना बांधलेले असतात. आपल्याकडे बेल्ट क्लचच्या थाळ्यांमध्ये वर-खाली सरकतो. त्यामुळे त्याच ५० च्या वेगाला इंजिन कधी मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर असतं, कधी ६५०० वर. हा आपल्याला फुकटात मिळालेला फायदा आहे, तो वापरा.

एक: मशीन उभं ठेवून, क्लच पकडायच्या जरा खालपर्यंत इंजिन चढवा. तिथेही थरथरत असेल तर इंजिन, माउंट (इंजिनाखालचे रबरी आधार) किंवा प्रायमरी, म्हणजे इंजिनावरचा क्लच. दोन: सपाट, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर हलक्या थ्रॉटलने ५० गाठा. मग भुसभुशीत बर्फात किंवा चढावर भरपूर थ्रॉटल देऊन तोच वेग गाठा. इंजिनाचा आवाज दोन्ही वेळा अगदी वेगळा येईल. थरथर आवाजाबरोबर सरकते की ५० लाच चिकटून बसते ते बघा. तीन: मोकळ्या जागी, मागेपुढे कोणी नसताना, ५५ ला किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबा. इंजिन क्षणभर बेल्टमुळे फिरत राहील, मग प्रायमरी सुटेल आणि उरेल तो सेकंडरीपासून (बेल्टच्या दुसऱ्या टोकाच्या क्लचपासून) मागचा संसार. काही सेकंदच मिळतात, तेव्हा आधीपासून लक्ष पायाकडे ठेवा.

मग पुढचं बोलू. तोवर पाने खोक्यातच राहू द्या.

बर्फाळलेली

पानेकाकांच्या चाचण्यांच्या आधी एक अगदी बिनडोक काम: मशीन रात्रभर उबदार जागी ठेवा आणि टनेलमधला (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या बोगद्यातला) सगळा बर्फ वितळू द्या. ओला बर्फ ट्रॅकच्या आत किंवा चाकाच्या कडेला गोठून बसतो आणि सकाळी मशीन उखळात घातल्यासारखं चालतं. मी एकदा या गोठलेल्या ढेकळापायी संपूर्ण सस्पेन्शन उतरवलं होतं. उतरवेपर्यंत ते वितळून गेलं, आणि मी काय दुरुस्त केलं ते आजतागायत मला माहीत नाही.

वितळल्यावर ट्रॅक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. तुटलेले लग (ट्रॅकवरचे रबरी उंचवटे), गळालेल्या क्लिपा दिसतातच. न दिसणारी गोष्ट म्हणजे ट्रॅकच्या आतल्या फायबरग्लासच्या आडव्या कांड्या. प्रत्येक पट्टी दोन्ही कडांना धरून वाकवून बघा. कांडी मोडली असेल तिथे पट्टी मऊ लागते, शेजारची ताठ असते.

थंडोबा

धाग्यात घुसखोरी करतोय, माफ करा. माझं उलटं आहे. वेगात लोण्यासारखं पळतं, पण सुटताना धडधडून गचके खातं. ३८०० फेऱ्यांच्या आसपास क्लच पकडतो तेव्हा अख्खं मशीन लटपटतं. एका मोसमात दोन बेल्ट जळाले. हाही क्रँकच का?

सतराचा पाना

थंडोबा, नाही. पण जळालेला बेल्ट टाकला नसेल तर त्याचा फोटो टाका, दोन्ही कडा दिसतील असा.

घसरगुंडी

चाचण्या झाल्या. काल रात्री मशीन आत घेतलं, जमिनीवर तळं झालं. ट्रॅकच्या कांड्या सगळ्या ताठ, चार-पाच लग कोपऱ्यात फाटलेत, बाकी ठीक.

उभ्या मशीनवर थरथर अजिबात नाही. दोन्ही प्रकारे ५० गाठलं, आवाज खरंच जमीन-अस्मानाचा वेगळा. थरथर मात्र दोन्ही वेळा तिथेच, चढावर जरा जास्त. किल स्विच दाबल्यावर इंजिन शांत झालं तरी पायाखाली तीन-चार सेकंद तसंच घरघरत होतं. आधी कधी एवढ्या शांततेत ऐकलंच नव्हतं. आवाज डावीकडून, पुढून येतो असं वाटलं, पण शपथेवर सांगणार नाही.

सतराचा पाना

झकास. म्हणजे इंजिन आणि प्रायमरी संशयातून सुटले. अर्धवटराव, हळहळू नका.

आता थोडं गणित, कंटाळा आला तरी वाचा. १२१ इंची ट्रॅकला ४८ खण असतात, खण २.५२ इंचांचा, म्हणजे ६४ मिलीमीटर. ट्रॅकची लांबी ३.०७ मीटर. ताशी ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. म्हणजे ट्रॅकचा एक फेरा सेकंदाला साधारण साडेचार वेळा होतो. ट्रॅकवर एका जागी काही बिघडलं असेल तर साडेचार ठोके. हे मोजता येतात, धप-धप-धप.

ट्रॅक ढकलणाऱ्या ड्रायव्हरला, म्हणजे दातेरी चाकाला, आठ दाते धरा. त्याचा एक फेरा ०.५१ मीटर, म्हणजे सेकंदाला २७ फेरे. हे मोजता येत नाहीत, पायाला मुंग्या आणतात. दात्यांची गाठभेट म्हणाल तर सेकंदाला २१७ वेळा, ती थरथर नसून गुणगुण असते, कानाला कळते. वरचा जॅकशाफ्ट (सेकंडरी ज्यावर बसतो तो) चेनकेसमधल्या, म्हणजे चेनच्या पेटीतल्या, स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकांच्या) प्रमाणात जास्त फिरतो. २२-४० ची जोडी असेल तर ४९ फेरे.

तुमचा पाय बधिर होतोय आणि ठोके मोजता येत नाहीत, म्हणजे मी २७ वाल्याच्या मागे जाईन. पण एक भानगड आहे. बोगीची (ट्रॅकला आतून आधार देणारी) चाकं १४-१६ सेंटीमीटर व्यासाची, त्यांचे फेरेही २८-३२ च्या घरात पडतात. तेव्हा गणित इथवरच आणून सोडतं, पुढे हात काळे करायचे. आणि ५०-५५ लाच जास्त का, तर पत्र्याच्या बोर्डला स्वतःचाही एक ताल असतो. तो जुळला की बोर्ड सुरात सूर मिसळतो, पुढे सरकला की कमी होतो. ६५ च्या वर बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे.

मागची बाजू स्टँडवर उचला. इंजिन बंद, प्लगच्या टोप्या काढलेल्या, बेल्ट उतरवलेला. प्रत्येक चाक बोटाने फिरवा, आडवं हलवून बघा. मग ट्रॅक हाताने फिरवून शाफ्टच्या दोन्ही टोकांना लांब स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि मूठ कानाला लावा.

अर्धवट मेकॅनिक

हाताने कशाला? मागून दोराने आढ्याला टांगा, स्टार्ट करा आणि ६० ला पळवा. मागे उभं राहून बघितलं की कुठलं चाक उडतंय ते दोन मिनिटांत दिसतं.

बर्फाळलेली

कृपा करून हे कोणी करू नका. दोराला टांगलेलं मशीन झोका घेतं आणि जमिनीला टेकलं तर गॅरेजच्या दाराबाहेर जातं. ट्रॅकमध्ये अडकलेला दगड किंवा निसटलेला स्टड (ट्रॅकमधला खिळा) गोफणीतल्या दगडासारखा सुटतो, आणि तुम्ही सांगताय मागे उभं राहा. उचलून चालवायचंच असेल तर भक्कम स्टँड, मागे आडोसा, माणूस बाजूला, टेदर (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला आणि चालण्याच्या वेगाहून थोडा जास्त वेग. त्याहून जास्त वेगाने काही वेगळं कळत नाही.

सतराचा पाना

ताईंशी शंभर टक्के सहमत. त्यात भर: बेल्ट काढून इंजिन चढवू नका. बेल्ट नसलेला प्रायमरी पूर्ण मिटतो, इंजिनावर काहीच ओझं नसतं, फेरे कुठे जातील याचा नेम नाही.

अर्धवट मेकॅनिक

बरं बाबा, मागे घेतो. मी दोनदा केलंय आणि दोन्ही डोळे शाबूत आहेत, पण मागे घेतो.

थोडी भरपाई म्हणून क्रँकबद्दल खरं सांगतो. माझं मशीन उभ्यानेही थरथरायचं, आणि एक सिलिंडर कायम गरम. दोन सिलिंडरच्या आपल्या इंजिनांत एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली, म्हणजे १८० अंशांचा फरक. प्लगच्या भोकात डायल गेज उभा करून आणि क्रँकला अंशांची चकती लावून मी तो मोजला, तर जुळत नव्हता. क्रँक पिळला गेला होता. त्यामुळे दुसऱ्या सिलिंडरला ठिणगी चुकीच्या वेळी पडायची. शिवाय क्लच उतरवून क्रँकच्या टोकाला डायल लावला, तर तेही मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर आउट, म्हणजे वाकडं फिरणारं. तेव्हा क्रँक जातो, पण उभ्यानेही बोंबलतो. घसरगुंडींचा बोंबलत नाहीये.

थंडोबा

फोटो टाकलाय. एक कड आरशासारखी चकचकीत, दुसरीला दोरे सुटलेत. क्लचच्या कव्हरला आतून काळी पूड.

सतराचा पाना

थंडोबा, दोन्ही कडा सारख्या झिजल्या असत्या तर स्प्रिंग, वजनं, थाळ्या यांच्याकडे बघितलं असतं. एकच कड भाजली म्हणजे बेल्ट तिरका चालतोय. पट्टी लावून दोन्ही क्लचचा ऑफसेट (एकमेकांपासून आडवं किती सरकलेत ते) मोजाच, पण त्याआधी इंजिनाचे माउंट बघा. उभ्या मशीनवर मोजलेला ऑफसेट बरोबर येतो आणि थ्रॉटल देताच बेल्टच्या ओढीने इंजिन सेकंडरीकडे झुकतं, हा जुन्या मशीनचा आवडता चकवा. लाकडी दांडा अडकवून इंजिन पुढेमागे रेटून बघा. रबर फाटलं असेल तर भेग उघडमिट करताना दिसेल.

थंडोबा

रेटून बघितलं. पुढचा डावा माउंट हसला माझ्याकडे बघून. रबर पत्र्यापासून अर्ध्याहून जास्त सुटलंय. दोन नवे बेल्ट घालण्याआधी हे कोणी सांगितलं असतं तर!

घसरगुंडी

माझा अहवाल.

चाकं: मागचं उजवं थोडं खरखरतं, बाकी ठीक. ते खरखरणारं काढून मशीन फिरवून आणलं, थरथर तशीच.

मग चेनकेसकडे वळलो, कारण स्क्रूड्रायव्हर कानाला लावल्यावर उजवीकडून करकर येत होती. ऑइल काढलं. जेमतेम पाव लिटर, रंग चांदीच्या पाण्यासारखा. तळाच्या बोल्टला चुंबक आहे, त्याला करडी लव आलेली. बोटावर चोळली तर पीठ, पण त्यात दोन खपल्या होत्या, एक नखाला टोचली.

सतराचा पाना

पीठ चालतं, खपली चालत नाही. कव्हर उघडा.

उघडण्याआधी एक मोजमाप घ्या, नंतर घेता येत नाही. तुमच्या मशीनला ब्रेकची डिस्क जॅकशाफ्टवर आहे ना? मग ब्रेक दाबून बांधून ठेवा आणि ट्रॅक हाताने पुढेमागे हलवा. अडेपर्यंत किती सरकतो? त्यात चेनचा ढिलेपणा आणि ड्रायव्हर-ट्रॅकमधली मोकळीक, दोन्ही येतात.

घसरगुंडी

डिस्क जॅकशाफ्टवरच आहे. ट्रॅक तीन बोटं सरकतो. आणि अडताना 'टण्' असा आवाज उजवीकडून, चेनकेसमधून येतो.

कव्हर उघडलं. वरच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला वाकलेल्या चोचीसारखे झालेत, दोन दात्यांची टोकं उडालीत. चेन अशी लोंबतेय की दोन बाजू बोटांनी जवळ आणता येतात. ताण देणारा स्क्रू बाहेरून पूर्ण आत गेलाय, त्याच्यापुढे जागाच नाही. मी दर सीझनला तो थोडा आवळायचो आणि काम झालं म्हणायचो.

अर्धवट मेकॅनिक

म्हणजे मागच्या वर्षीचं ते 'खाड'...

घसरगुंडी

तेच माझ्याही डोक्यात आलं. ट्रॅक दात्यांवरून उडतोय असं मी धरून चाललो होतो. उडत चेन होती.

बर्फाळलेली

दोन्ही आवाज ओळखायची एक खूण. ढिला ट्रॅक उडतो तेव्हा आवाज पायाखाली, टनेलच्या पुढच्या भागात, रबरी आणि जाड येतो. बहुतेक वेळा जोरात ब्रेक मारल्यावरही येतो. चेन उडते तेव्हा आवाज कोरडा, धातूचा, बाजूने येतो, आणि जागेवरून जोरात निघताना येतो.

पण घसरगुंडी, आता मला भलतीच काळजी वाटतेय. त्या आवाजापायी तुम्ही ट्रॅक आवळला होता. किती आवळला होता?

घसरगुंडी

आवाज जाईपर्यंत. खरं सांगायचं तर तारेसारखा.

बर्फाळलेली

मॅन्युअलात ट्रॅकच्या मधोमध वजन टांगून झोल किती हवा ते दिलेलं असतं. मोजा.

घसरगुंडी

मोजला. मॅन्युअलात आहे त्याच्या निम्माही भरत नाही. चेन आणि वरचं स्प्रॉकेट नवं घातलं, ताणाचा स्क्रू बोटाने टेकवून मॅन्युअलप्रमाणे पाव आटा मागे घेतला, नवं ऑइल भरलं. ट्रॅक झोलाच्या मापावर आणला. आज फिरवून आणलं.

'खाड' कायमचं गेलं. उजवीकडची करकर गेली. थरथर? जशीच्या तशी. डावा पाय, ५२ च्या आसपास. काटा ४५ आणि ६० च्या मध्ये नाचत होता, त्यामुळे ५२ हा सरासरीचा आकडा.

सतराचा पाना

काटा!

तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये कंसात ही ओळ होती आणि मी ती विनोद म्हणून वाचून सोडली. चूक माझी. काट्याची केबल तुमच्या मशीनला कुठून निघते? ड्रायव्हरच्या शाफ्टच्या डाव्या टोकातून ना? त्याच टोकाला बेअरिंग असतं. बेअरिंग घासलं की शाफ्ट जागेवर राहत नाही, केबलचं टोक त्यात डगमगतं आणि काटा नाचतो. शाफ्ट बिचारा आधी काट्यातून बोलतो, मग पायातून. डावा पाय, डावीकडून पुढून घरघर, सेकंदाला २७, सगळं एकाच टोकाला येऊन मिळतंय.

आणि तुम्ही ट्रॅक तारेसारखा ताणलात तेव्हा त्या शाफ्टला एक अख्खा सीझन मागे खेचून धरलंत.

मागची बाजू उचला, डाव्या टोकाजवळ शाफ्टखाली पहार किंवा जाड स्क्रूड्रायव्हर घाला आणि हळू उचला.

घसरगुंडी

उचलला. शाफ्ट 'टक' करून वर गेला, सोडला तर खाली आला. दीड मिलीमीटर तरी असेल. उजव्या टोकाला असं काही नाही.

वाचनमात्र

तीन दिवस हा धागा वाचतोय, पहिल्यांदाच लॉगिन केलं. आज सकाळी माझ्या मशीनचा शाफ्ट उचलून बघितला. हलत नाही. आता शांत झोप लागेल.

घसरगुंडी

उघडलं. सस्पेन्शन उतरवलं, चेनकेस परत रिकामं केलं (नवं ऑइल गाळून ठेवलंय, हसू नका), केबलचा भाग काढला, डावीकडची फ्लँज (बेअरिंग धरणारी चकती) सोडली.

बेअरिंगचं सील फुगून बाहेर आलेलं, आतून तांबडं पाणी. गोळ्यांचा रंग निळसर झालाय. पण बेअरिंगपेक्षा वाईट पुढे होतं: बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर गरगर फिरत होती. लॉक कॉलरचा (रिंगला शाफ्टवर पकडून ठेवणाऱ्या कड्याचा) बारका स्क्रू नुसता लोंबत होता. रिंगने शाफ्टला खाच पाडलीय. डोळ्याला ती फक्त चकाकी वाटते, नख फिरवलं तर अडकतं. आणि टनेलच्या आत, पुढे डाव्या बाजूला, ट्रॅकचे लग घासून पत्र्यावर हातभर लांब चकचकीत पट्टा पडलाय. चार-पाच फाटलेल्या लगांचं कोडं सुटलं.

खाच भरून, वेल्ड करून चालेल का?

सतराचा पाना

बारीक खाच असती तर बेअरिंग चिकटवायचं रसायन लावून सीझन ढकलला असता काहींनी. नख अडकतं म्हटल्यावर मी ढकलणार नाही. वेल्डचं तर नावच काढू नका, पातळ नळीचा शाफ्ट आहे, उष्णतेने वाकला तर थरथर नव्याने विकत घ्याल. वापरलेला पण सरळ शाफ्ट शोधा. दोन टोकांना आधार देऊन मधे डायल लावून फिरवा, आउट आहे का ते लगेच कळतं.

शाफ्टवर जुने ड्रायव्हर असतील तर एक गोष्ट नक्की बघा: दोन्ही ड्रायव्हरचे दाते एका रेषेत हवेत. प्लास्टिकचे ड्रायव्हर शाफ्टवर दाबून बसवलेले असतात, एखादा घसरून पुढेमागे फिरला की एक दाता ट्रॅकला आधी ढकलतो, दुसरा नंतर. ती थरथर या थरथरीची सख्खी बहीण.

बर्फाळलेली

विषयांतर, पण राहवत नाही. हे दातेरी चाक आणि पट्ट्याचं लग्न लावून देणारं जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांचं पेटंट १९३७ सालचं. तेव्हापासून आजपर्यंत आपण सगळे त्या लग्नातल्या कुरबुरी मिटवत बसलोय.

घसरगुंडी

शाफ्ट मिळाला, सरळ आहे, दाते रेषेत आहेत. नवं बेअरिंग आणलं. बसवताना अडलोय: लॉक कॉलर कुठल्या दिशेने आवळायची? दोन्हीकडे फिरते आणि दोन्हीकडे घट्ट होते.

सतराचा पाना

ट्रॅक पुढे जाताना शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवायची. मग छिन्नी आणि हलक्या हातोडीने थोडी ठोकून बसवायची, आणि शेवटी तो बारका स्क्रू, आटे साफ करून, थ्रेडलॉक लावून. उलट्या दिशेने आवळलीत तर चालताना ती स्वतःच सुटत जाते. तुमच्याआधी कोणीतरी तेच केलं असावं असा माझा दाट संशय आहे.

आणि क्रम: आधी चेनकेसकडची बाजू पक्की, मग ट्रॅक हाताने दोन-चार फेरे फिरवून शाफ्ट आपल्या जागी बसू द्या, मग डावीकडची फ्लँज, कॉलर सगळ्यात शेवटी. कॉलर आधी आवळून मग फ्लँज ओढलीत तर नव्या बेअरिंगला पहिल्या दिवसापासून आडवा ताण.

थंडोबा

माझे माउंट बदलून झाले. ऑफसेट मापात. गचके गेले. जुना बेल्ट भिंतीला टांगलाय, चकचकीत कड बाहेर दिसेल असा.

अर्धवट मेकॅनिक

घसरगुंडी, पुढे काय झालं? की खरंच क्रँक होता?

घसरगुंडी

काल बसवून झालं, आज दीड तास चालवलं.

काटा ५० वर खिळा ठोकल्यासारखा उभा राहतो. इतका स्थिर की आधी वाटलं केबल तुटली. ४५, ५०, ५५, सगळीकडून गेलो. चढावर गेलो, किल स्विच दाबून घरंगळलो. बर्फाची सरसर तेवढी ऐकू येते.

७० च्या पुढे मात्र मागून उजवीकडून बारीक शीळ येते. ते मागचं खरखरणारं चाक मी परत जसंच्या तसं लावलं होतं. घरी येऊन हाताने फिरवलं तर वाळू चावल्यासारखा आवाज. उद्या त्याचं बेअरिंग काढतो.

पण आज उतरलो तेव्हा बुटात दोन्ही पाय होते.